सिडनीतलं अंगण, मुलं आणि विषारी पाहुणे : नव्याने आलेल्या घरांसाठी

अंगणाचं घर भाड्याने मिळालं की काही जण मुलांना ‘बाहेर कोळी आहेत’ म्हणत काचेच्या दारामागे ठेवतात, तर काही जण गावच्या परसात सोडावं तसं अनवाणी सोडतात. दोन्ही टाळा. शनिवारचा एक तास अंगणाला द्या आणि मुलांना खुशाल खेळू द्या. रेडबॅक कोळ्यावरचं प्रतिविष १९५६ पासून आहे, फनेल-वेबवरचं १९८१ पासून. फनेल-वेबच्या चाव्याने त्यानंतर कोणी दगावल्याची नोंद नाही. उपचार आहेतच, फक्त चावा लगेच कळायला हवा आणि पहिली दहा मिनिटं नीट हाताळायला हवीत.

आपल्या घरांत सगळ्यात आधी बघायची जागा म्हणजे दाराबाहेरच्या चपला. आपण चपला-बूट बाहेर काढतो ते चांगलंच, पण रात्रभर बाहेर राहिलेला बूट ही कोळ्यासाठी आयती कोरडी, अंधारी खोबण. मुलांचे बूट आत, झाकणाच्या डब्यात ठेवा. बाहेर राहिलेच तर हात न घालता उलटे करून जोरात आपटा आणि मगच घाला. गमबूट, क्रिकेटचे पॅड, हेल्मेट, वाळत घातलेले आणि जमिनीवर पडलेले कपडे, सगळ्यांना हाच नियम.

रेडबॅक मादी काळी, पाठीवर लाल पट्टा, पोट वाटाण्याएवढं. ती भटकत नाही, आडोशाला विस्कळीत, चिवट जाळं करून बसते. त्यामुळे शोधणं सोपं आहे. ट्रॅम्पोलिनची चौकट खालून, झोपाळ्याच्या पोकळ नळ्यांची टोकं, प्लॅस्टिकच्या खुर्चीची खालची बाजू, पत्रपेटी, तुळशीच्या आणि कढीपत्त्याच्या कुंडीची कड जिथे आपण उचलायला बोटं घालतो ती जागा. टॉर्च घेऊन बघा, हातमोजे घालून लांब दांड्याच्या झाडूने जाळी काढा. उन्हाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी करा, कारण जाळी परत होतात. वाळूच्या हौदाला घट्ट झाकण हवं आणि मूल बसण्याआधी वाळू खुरप्याने उलथून घ्यावी.

फनेल-वेब वेगळा. काळा, चकचकीत, जाडसर, ओलसर मातीत बिळ करणारा. हॉर्न्सबी, नॉर्थ शोअर, ब्लू माउंटन्स या झाडीच्या बाजूला जास्त सांभाळा. उन्हाळ्यात, विशेषतः पावसानंतर, नर मादीच्या शोधात बाहेर पडतो आणि घरात, बुटात, स्विमिंग पूलमध्ये सापडतो. पूलच्या तळाशी बुडालेला कोळी मेला असं समजू नका. तो पाण्याखाली कित्येक तास जिवंत राहतो. मुलांनी जाळीनेसुद्धा काढायचा नाही. घराच्या भिंतीवर दिसणारा तळहाताएवढा, चपटा हंट्समन मात्र घाबरवतो तेवढाच; त्याला डब्याखाली धरून बाहेर सोडा.

साप सप्टेंबर ते एप्रिल जास्त दिसतात. पश्चिम सिडनीत शेजारी मोकळं माळरान असेल तर ईस्टर्न ब्राउन लक्षात ठेवा. त्याला नागासारखा फणा नाही, दात बारीक असल्याने चावा दुखतही नाही आणि खूण दिसेलच असं नाही. म्हणून ‘काही झालं नाहीये’ असं म्हणून बसू नका. गवत आखूड ठेवा, पत्रे, विटा, लाकडांचे ढीग काढा, पक्ष्यांचे सांडलेले दाणे रोज झाडा. दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. दिसला तर मुलाने जागीच थांबायचं, मग हळूहळू मागे सरकायचं आणि मोठ्यांना सांगायचं. मारायला जाऊ नका. ते बेकायदेशीर आहे आणि जवळ जाणाऱ्यालाच चावा बसतो. सर्पमित्राला बोलावतो तसं परवानाधारक साप पकडणाऱ्याला बोलवा.

मुलांना एकच वाक्य पाठ करून घ्या: ‘दिसत नाही तिथे हात घालायचा नाही.’ आणि चावलं असं सांगितल्यावर मुलाला कधीही रागावू नका. ओरडा बसेल म्हणून लपवलेला चावा सगळ्यात घातक.

साप किंवा मोठा काळा कोळी चावल्यास मुलाला तिथेच आडवं करा, चालवू नका, उचलून धावू नका. विष लसिकावाहिन्यांतून (लिम्फच्या बारीक नळ्यांतून) पसरतं आणि स्नायू हलले की ते पुढे ढकललं जातं. ००० या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन लावा. १० ते १५ सेंटिमीटर रुंद लवचीक बँडेज आधी चाव्यावर, मग बोटांपासून वर पूर्ण हातापायाला, कपड्यांवरूनच, मुरगळल्यावर बांधतो तेवढं घट्ट बांधा. बोटांची टोकं उघडी ठेवा. काठी किंवा पट्टी लावून अवयव स्थिर करा, चाव्याची जागा आणि वेळ बँडेजवर लिहा. साधं क्रेप सैल पडतं. औषधाच्या दुकानात सर्पदंशाचं बँडेज मिळतं, ताण बरोबर झाला की त्यावर छापलेले आयत चौरस होतात. दोन घ्या आणि मुलाच्या पायावर एकदा सराव करा. गावाकडची दोरी आवळणं, चीर देणं, हळद-चुना यांतलं काहीही नको. जखम धुऊही नका. कातडीवरच्या विषावरून साप ओळखायला मदत होऊ शकते.

रेडबॅकला मात्र बँडेज नको. त्याचं विष सावकाश पसरतं आणि दाबाने दुखणं वाढतं. कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, १३ ११ २६ या विषमाहिती केंद्राच्या चोवीस तासांच्या क्रमांकावर विचारा. लहान मूल असेल, घाम येत असेल, दुखणं वर चढत असेल तर हॉस्पिटलात न्या.

मेडिकेअरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य योजनेत, अ‍ॅम्ब्युलन्सचा खर्च येत नाही. तुमच्या विम्यात तो आहे का हे आजच बघा, म्हणजे ऐन वेळी फोन करायला हात अडखळणार नाही.

दुपारी मुलांजवळ आजी-आजोबा असतात. त्यांच्यासाठी फ्रिजवर मोठ्या अक्षरांत मराठीतच लिहून ठेवा: ०००. पलीकडून ‘पोलीस, फायर, अ‍ॅम्ब्युलन्स?’ असं विचारतील. म्हणायचं, ‘अ‍ॅम्ब्युलन्स. चाइल्ड. स्नेक बाइट.’ खाली घराचा पूर्ण पत्ता, उपनगराच्या नावासकट, देवनागरीत. फोन ठेवायचा नाही, ते सांगेपर्यंत.