जर्मनीत एका सत्रापुरतं जाताना: कोल्हापुरातून निघण्याआधी

जर्मनीतल्या बहुतेक विद्यापीठांचं उन्हाळी सत्र १ एप्रिलला सुरू होतं. त्यामुळे शिवाजी विद्यापीठातून चार-सहा महिन्यांसाठी जाणाऱ्यांची फेब्रुवारी-मार्चमध्ये धावपळ उडते. सगळं लक्ष बॅगेकडे जातं आणि राहायच्या पत्त्याचं मागे पडतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी पत्ता बघा, मग बॅग.

तिथे खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत त्या गावच्या नागरी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. हा माणूस अमुक तारखेपासून इथे राहतो, असं घरमालकाच्या सहीचं पत्र त्यासाठी लागतं. नुसत्या भाडेकरारावर भागत नाही. नोंदणी झाली नाही तर करक्रमांक मिळत नाही, निवासपरवान्याचं काम अडतं, बऱ्याच बँका खातंही उघडत नाहीत. म्हणून खोली ठरवतानाच 'हे पत्र द्याल ना?' असं स्पष्ट विचारा. नोंदणी करता येणार नाही अशा अटीची खोली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही. करार हातात येईपर्यंत तर एक रुपयाही पाठवू नका. मोठ्या शहरांत कार्यालयाची वेळ लवकर मिळत नाही, शक्य असेल तर ती इथूनच ऑनलाइन घेऊन ठेवा.

पासपोर्ट, निमंत्रणपत्र, शिष्यवृत्तीचं पत्र, आरोग्यविमा आणि विभागाची रजामंजुरी, यांच्या प्रती हातातल्या पिशवीतच ठेवा. प्रयोगशाळेतले नमुने बॅगेत टाकू नका. ते कसे पाठवायचे हे तिथल्या मार्गदर्शकांना आधी विचारा.

आता खाण्याचं. घरून पेढे, तूप, आंबे देण्याचा आग्रह होणारच. पण युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि आंब्यासारखी ताजी फळं रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. घरच्यांना हे आधीच समजावून सांगा, विमानतळावर आईच्या हातचं टाकून देताना फार वाईट वाटतं. आपली कांदा-लसूण चटणी मात्र जरूर न्या. तिला तेल सुटतं, म्हणून दोन जाड पिशव्यांत घट्ट बंद करून वर डबा, आणि तो मोठ्या बॅगेत कपड्यांपासून लांब. पोहोचल्यावर दोन वेळचं भागेल एवढं भडंग-चपाती जवळ असू द्या, कारण रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात; गुड फ्रायडे आणि ईस्टरच्या सोमवारीही तेच.

इथे मार्चअखेर ऊन तापलेलं असतं, तिथे सकाळी हात गारठतात आणि एप्रिलमध्येही एखादा दिवस बर्फ पडतो. जाडजूड कोट नको. आतून थर्मल, वर स्वेटर, त्यावर टोपीचं पावसाळी जाकीट पुरतं. बूट बंद आणि न घसरणारे घ्या. कोल्हापुरी चपला हव्यातच, पण कातडं पाणी धरतं, तेव्हा त्या कोरड्या दिवसांसाठी.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि आपल्यातलं अंतर साडेचारवरून साडेतीन तासांवर येतं. घरी रात्री नऊला जेवणं आटोपून फोन केला, तर तिथे साडेपाच वाजलेले असतात. या फोनसाठी आणि बँकेच्या ओटीपीसाठी भारतातलं सिम बंद पडू देऊ नका: रोमिंग निघण्याआधीच सुरू करा, आणि दरमहा रिचार्ज कोण करणार हे घरात ठरवून ठेवा.