किडनीच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन वाढत नाही? या चुका टाळा

रिपोर्टवर हिमोग्लोबिन ८.४ दिसलं की घरातली पहिली धावपळ स्वयंपाकघरात सुरू होते. बीट येतं, डाळिंब येतं, खजूर भिजत पडतात, एखादी मावशी अळिवाचे लाडू करून पाठवते. बाळंतिणीला हा खुराक मानवतो. क्रिएटिनिन (किडनीचं काम किती मंदावलंय ते सांगणारा रक्तातला आकडा) ४-५ वर गेलेल्या माणसाला मात्र तो पुरत तर नाहीच, वर नडू शकतो.

निरोगी किडनी एरिथ्रोपोएटिन (ईपीओ) नावाचं संप्रेरक बनवते. हाडांमधल्या मगजाला, म्हणजे बोन मॅरोला, तांबड्या पेशी तयार करायचा हुकूम त्यातून मिळतो. किडनी निकामी होत जाते तसा हा हुकूम क्षीण होतो. तांबडी पेशी एरवी साधारण १२० दिवस जगते, या आजारात तिचं आयुष्यही घटतं. भूक मंदावलेली असते, डायलिसिसच्या नळ्यांमध्ये आणि फिल्टरमध्ये दर वेळी थोडं रक्त अडकून जातं, तपासण्यांसाठी सारखं रक्त काढलं जातं. हा खड्डा ताटातून भरून निघत नाही.

आणि बीट, खजूर, गूळ, पालक, डाळिंबाचा रस, नारळपाणी या साऱ्यांत पोटॅशियम भरपूर असतं. ते बाहेर टाकायचं काम किडनीचंच, आणि तीच थकलेली. रक्तातलं पोटॅशियम ६ च्या पुढे गेलं की हृदयाची लय बिघडायची भीती असते. मधुमेह असेल तर गूळ-खजुराचं दुखणं आणखी वेगळं. पालकातलं लोह तर शरीराला फारसं मिळतही नाही. लोखंडी कढईत भाजी करायला हरकत नाही, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. ‘रक्त वाढवणारी’ भस्मं आणि काढे मात्र मनाने अजिबात सुरू करू नयेत. अशा काही औषधांमध्ये शिसं आणि पारा सापडलेला आहे, आणि उरलीसुरली किडनी तेवढ्यानेही जाऊ शकते.

लोहाची गोळी, तीही चहाबरोबर

दुसरी चूक दवाखान्यातून सुरू होते. आपल्याकडे अ‍ॅनिमिया म्हटलं की लोहाची कमतरता, हे समीकरण पक्कं आहे, आणि ते उगाच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया अ‍ॅनिमिक निघाल्या. म्हणून किडनीच्या रुग्णालाही तपासणी न करता लोहाची गोळी लिहून दिली जाते आणि सहा-सहा महिने तीच चालू राहते.

गोळीआधी दोन आकडे हवेत : फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे टीसॅट. फेरिटिन साठा सांगतं, टीसॅट सांगतं की त्यातलं लोह वापरात किती आलं. ढोबळमानाने टीसॅट २० टक्क्यांच्या खाली आणि फेरिटिन १०० च्या खाली (डायलिसिसवर असल्यास २०० च्या खाली) असेल, तर साठाच रिकामा आहे.

गोंधळ होतो तो पुढच्या प्रकारात. फेरिटिन ६०० आणि टीसॅट १५. फक्त पहिला आकडा पाहून ‘लोह भरपूर आहे’ असं सांगून रुग्णाला परत पाठवलं जातं. पण शरीरात कुठे सूज किंवा जंतुसंसर्ग असला की हेप्सिडिन नावाचं द्रव्य वाढतं आणि ते लोहाला साठ्यातून बाहेरच पडू देत नाही. कणगी धान्याने भरलेली आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला, असा हा मामला. शिवाय संसर्गात फेरिटिन नुसतंच फुगतंही. त्यामुळे एकट्या फेरिटिनवर लोह द्यायचंही ठरवू नये आणि बंद करायचंही ठरवू नये. शिरेतून लोह घेतल्यावर लगेच ही तपासणी केली तर आकडे फसवे येतात, किमान आठवडाभर थांबावं.

हेप्सिडिन आतड्याचीही वाट अडवतं, म्हणून या रुग्णांना गोळीतलं लोह कमी मिळतं. जे मिळायचं तेही आपण चहाने घालवतो. लोहाची गोळी चहा, कॉफी किंवा दुधाबरोबर नको. त्याहून जास्त पाहण्यात येणारी चूक म्हणजे कॅल्शियमची किंवा फॉस्फरस कमी करणारी गोळी आणि लोहाची गोळी एकाच घोटात घेणं. फॉस्फरसची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची असते, लोहाची जेवणापासून दोन तास दूर. पित्ताच्या गोळ्यांमुळेही लोह कमी शोषलं जातं, आणि त्या आपल्याकडे वर्षानुवर्षं सवयीने घेतल्या जातात. खरंच हव्यात का, हे डॉक्टरांना एकदा विचाराच.

गोळीने शौचाला काळं होतं, ते चालतं. पण डांबरासारखं चिकट, घाण वासाचं काळं शौच म्हणजे पोटात रक्तस्राव, ते गोळीच्या नावावर खपवू नका.

डायलिसिसवरच्या रुग्णाला लोह बहुधा शिरेतूनच द्यावं लागतं. ‘लोह चढवलं की रिअ‍ॅक्शन येते’ ही भीती जुन्या औषधांच्या काळातली जास्त आहे. आताच्या आयर्न सुक्रोजसारख्या औषधांनी गंभीर रिअ‍ॅक्शन क्वचित येते, तरी ते सोय असलेल्या ठिकाणीच घ्यावं आणि अर्धा तास थांबावं. ताप किंवा संसर्ग असताना ते पुढे ढकलतात. ब्रिटनमध्ये २,१४१ हिमोडायलिसिस रुग्णांवर झालेल्या पिव्होटल अभ्यासात (२०१९) ठरलेल्या मर्यादेत दरमहा नियमित लोह दिलेल्यांना ईपीओचं इंजेक्शन कमी लागलं आणि हृदयाचे त्रासही कमी झाले. लोहावर केलेला खर्च इंजेक्शनवरच्या खर्चात वाचतो, हे घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्याने लक्षात घ्यावं.

ईपीओचं इंजेक्शन : कधी, किती, कसं

एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनला डायलिसिस युनिटमध्ये सगळे नुसतं ‘ईपीओ’ म्हणतात. हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात मिळवण्यासाठी शिकागोच्या यूजीन गोल्डवॉसर यांना जपानमधून आणलेली २,५५० लिटर मूत्राएवढी सामग्री लागली होती, ते साल १९७७. प्रयोगशाळेत बनवलेलं औषध १९८९ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, आणि तोवर बहुतेक रुग्णांची मदार रक्ताच्या बाटलीवरच होती.

लोह कमी असताना हे इंजेक्शन सुरू केलं तर पैसे वाया जातात. मगजाला हुकूम पोचतो, पण माल नसतो. आधी लोह, मग ईपीओ.

दुसरी चूक घाईची. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. तिसऱ्या इंजेक्शनलाच ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडणारे बरेच, आणि हिमोग्लोबिन ११ झालं की ‘आता बास’ म्हणून सोडणारेही तितकेच. किडनी तर पूर्वीसारखीच आहे. इंजेक्शन पूर्ण थांबवलं की महिन्या-दोन महिन्यांत आकडा घसरतो, मग मोठा डोस, मग पुन्हा उसळी. चार आठवड्यांत १ ते २ ग्रॅम वाढ योग्य. त्याहून वेगाने वाढलं तर डॉक्टर सहसा डोस कमी करतात. घेणं थांबवायचा निर्णय घरी होऊ नये.

तिसरी चूक हौसेची : शेजाऱ्याचं १४ आहे, मग आमचं का नाही? डायलिसिसच्या रुग्णासाठी साधारण १० ते ११.५ हे लक्ष्य धरतात, आणि औषधाने मुद्दाम १३ च्या वर नेत नाहीत. या सावधगिरीला किंमत मोजून मिळालेला आधार आहे. २००६ च्या कॉयर अभ्यासात १३.५ चं लक्ष्य ठेवलेल्या गटाला ११.३ वाल्यांपेक्षा जास्त त्रास झाला. २००९ च्या ट्रीट अभ्यासात मधुमेही किडनीरुग्णांचं हिमोग्लोबिन १३ वर नेऊ पाहिलं, तेव्हा पक्षाघाताचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. म्हणून रिपोर्टवर ११ या आकड्यासमोर छापलेली ‘कमी’ ही खूण पाहून घाबरू नका. ती निरोगी माणसाच्या मापाची आहे.

इंजेक्शन चालू असताना रक्तदाब वाढतो. घरी बीपी मोजत नसाल तर ही वेळ आहे. डोकं जड होणं, अंधारी येणं, फिस्टुल्याची (डायलिसिससाठी हातात जोडून केलेल्या रक्तवाहिनीची) थरथर अचानक बंद होणं, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या डायलिसिसपर्यंत वाट पाहू नका.

साठवण हा साधा पण नेहमी फसणारा भाग. २ ते ८ अंश, म्हणजे फ्रीजचा मधला कप्पा. बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठलेलं इंजेक्शन टाकून द्यायचं. ते जोरात हलवायचंही नसतं. विदर्भातल्या मे महिन्यात मेडिकलमधून खिशात घालून, एसटीने दोन तास आणलेल्या औषधाचा गुण किती उरतो, याचा विचार फारसं कुणी करत नाही. थर्मासात बर्फाच्या पॅकबरोबर, पण पॅकला थेट न चिकटवता आणा.

आता शरीराचं स्वतःचं ईपीओ वाढवणाऱ्या डेसिडुस्टॅटसारख्या गोळ्याही आल्या आहेत. भारतात ती २०२२ मध्ये मान्य झाली. सुईतून सुटका हे आकर्षण मोठं, पण लोहाची अट आणि देखरेख तिलाही आहेच.

‘एक बाटली चढवून टाका’

हा नातेवाइकांचा आवडता उपाय, आणि प्रत्यारोपणाचा विचार असेल तर सर्वांत महाग पडणारा. दुसऱ्याच्या रक्तातून आलेल्या पेशींविरुद्ध शरीर प्रतिपिंडं बनवू शकतं, आणि मग आईची किंवा भावाची किडनीसुद्धा जुळेना असं होतं. जादा पाण्याचा भार आणि पोटॅशियम हे धोके वेगळे. जोराचा रक्तस्राव, छातीत दुखणं, बसल्या जागी धाप अशा वेळी रक्त द्यावंच लागतं आणि तिथे मागेपुढे पाहू नये. पण नुसता ७.५ आकडा आवडला नाही म्हणून बाटली मागू नका. प्रत्यारोपणाची नोंदणी झाली असेल तर प्रत्येक वेळी रक्त देणाऱ्या डॉक्टरांना ती आठवण करून द्या.

सगळं करूनही वाढत नाही तेव्हा

डोस वाढवत नेणं ही इथली चूक. आधी शोध घ्यायचा. शौचातून छुपा रक्तस्राव, मूळव्याध, पाळीत जास्त जाणं. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी चालू आहे का? ती पोटालाही जखमी करते आणि किडनीलाही. डायलिसिससाठी मानेत किंवा मांडीत घातलेल्या नळीचा (कॅथेटरचा) संसर्ग, आणि आपल्याकडे क्षयरोग विसरून चालत नाही. डायलिसिस पुरेसं होतंय का, पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक) किती आहे, हेही पाहतात. शाकाहारी माणूस वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेत आला असेल, तर बी१२ तपासायलाच हवं.

एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) खूप कमी आणि लोह मात्र ठीक, असं असेल तर थॅलेसेमियाची वाहकता असू शकते. गडचिरोली, नंदुरबारकडच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल. इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीत दोन्ही कळतात. किडनी थोडीच बिघडलेली असताना हिमोग्लोबिन एकदम ७ वर आलं असेल, तर दोष किडनीवर ढकलू नका. साठीनंतर पाठदुखीही सोबत असेल तर मायलोमा हा रक्ताचा कर्करोग नाही ना, हे डॉक्टर तपासतात. आणि ईपीओने आधी छान वाढलेलं हिमोग्लोबिन इंजेक्शन चालू असतानाच वेगाने कोसळू लागलं, तर औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार झालेली असू शकतात. हे अगदी क्वचित घडतं, पण तेव्हा डोस वाढवणं म्हणजे आगीत तेल.

तपासणीचं रक्त नेहमी डायलिसिस सुरू होण्याआधीच द्या, आणि दर महिन्याला एकाच लॅबमध्ये. डायलिसिसनंतर पाणी उतरलेलं असतं, म्हणून आकडा उगाच चढा दिसतो. अंगावर सूज असेल तर तो उगाच खाली दिसतो.

मधुमेहींसाठी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. ईपीओमुळे रक्तात नव्या पेशी जास्त येतात, आणि नव्या पेशींवर साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. त्यामुळे एचबीए१सी (साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी) खोटं चांगलं दिसतं. लोह कमी असेल तर ते उलट वाढलेलं दिसू शकतं. ६.२ पाहून इन्सुलिन कमी करण्याआधी डॉक्टरांना ग्लुकोमीटरच्या रोजच्या नोंदी दाखवा.