जुनी हार्ड डिस्क जादा साठवणुकीसाठी कशी वापरावी

बंद पडलेल्या संगणकातील हार्ड डिस्क बहुतेक वेळा धडधाकट असते आणि केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीने संगणकाला जोडता येणाऱ्या बाहेरच्या डबीत, बसवली की ती बाह्य ड्राइव्ह म्हणून उत्तम काम देते. केसिंग घेण्यापूर्वी डिस्कचा आकार आणि जोडणी पाहावी. लॅपटॉपमधील 2.5 इंची डिस्क यूएसबीतून मिळणाऱ्या 5 व्होल्टवर चालते, डेस्कटॉपमधील 3.5 इंची डिस्कला मात्र 12 व्होल्टही लागतात, त्यामुळे तिच्या केसिंगसोबत स्वतंत्र अडॅप्टर असायलाच हवा. साटा या नव्या प्रकारच्या जोडणीच्या डिस्कच्या मागे इंग्रजी 'एल' अक्षरासारख्या दोन चपट्या खाचा दिसतात, तर त्याआधीच्या आयडीई डिस्कवर पिनांच्या दोन ओळी असतात.

डिस्क जोडल्यावर लगेच फॉरमॅट करू नये. आधी हवा असलेला डेटा उतरवून घ्यावा आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये तिची 'स्मार्ट' माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवलेली नोंद, तपासावी. रीअलोकेटेड (खराब झाल्याने बदललेल्या) किंवा पेंडिंग (खराब असल्याचा संशय असलेल्या) सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरील साठवणुकीच्या छोट्या कप्प्यांचे, आकडे वाढत असतील, अथवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर तिचा मोह सोडावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

प्रकृती ठीक असल्यास विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये, डिस्कचा क्रमांक आणि क्षमता दोनदा पडताळून, जुनी पार्टिशन्स (डिस्कचे पाडलेले भाग) काढावीत आणि नवे पार्टिशन करताना 'क्विक फॉरमॅट'वरील खूण काढून टाकावी. याला काही तास लागू शकतात, पण खराब सेक्टर तेव्हाच उघडे पडतात. फाइल मांडणीच्या पद्धतींपैकी, डिस्क केवळ विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस, मॅकवरही वापरायची असेल तर एक्सफॅट निवडावे. अशा डिस्कवर एखाद्या फाइलची एकमेव प्रत कधीही ठेवू नये.