वर्दीचं स्वप्न आणि 31 मार्चचा दाखला

पोलीस भरतीचं गणित तुम्हाला पाठ असेल. मुलींनी 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत मारलं की 20 पैकी 20, शंभर मीटरला 15, गोळ्याला 15, आणि मग 100 मार्कांचा पेपर. यावर व्हिडिओ ढिगानं आहेत. मी सांगतेय ते बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड घरांतल्या पोरींसाठी आहे, कारण आपलं घोडं मैदानावर अडत नाही, कागदावर अडतं.

माझं अडलं ते नॉन क्रिमीलेयरवर, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत आहे असं सांगणाऱ्या दाखल्यावर. तो असेल तरच आरक्षण मिळतं. एससी, एसटीला ते लागत नाही. ओबीसी, भटक्या जमातींना लागतं. माझ्याकडे होतं, पण त्याची मुदत 31 मार्चला संपलेली. अकॅडमीतले सर म्हणाले, "दाखल्याचं काय एवढं, निवड झाल्यावर देता येतो." मैदान झालं, पेपर झाला, यादीत नाव आलं. कागदपत्रं तपासताना टेबलामागच्या साहेबांनी दाखल्याच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं, जाहिरातीतली तारीख दाखवली आणि फाईल बाजूला सरकवली. दोन मिनिटांचं काम. बाहेर येऊन मी कितीतरी वेळ पायरीवर बसून होते.

म्हणून नीट ऐका. नॉन क्रिमीलेयरला मागच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. तो आई-वडिलांच्या उत्पन्नाचा. त्याआधी तलाठ्याचा अहवाल, स्वयंघोषणापत्रावर वडिलांची सही, फोटो. आणि जाहिरात येते तेव्हा वडील कुठं असतात? उसाच्या फडात. दिवाळी झाली की टोळी तोडीला निघते, घरी राहते आजी आणि शेरडं. मग सही कोण करणार? कुणाच्या तरी हातानं कागद कारखान्यावर पाठवायचा आणि तो परत येईपर्यंत देव पाण्यात ठेवायचे. हे सगळं घटस्थापनेच्या आत उरका, वडील घरी असताना. भरती निघो न निघो. दाखला हातात पडला की आधी "पर्यंत वैध" ही ओळ वाचा, मग दहावीच्या सनदेवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव अक्षर न अक्षर ताडून बघा. सेतूवाला घाईत काना-मात्रा खातो. जाहिरात आली की त्यात दाखल्याची कोणती तारीख चालते ते स्वतः वाचा. सरांना विचारू नका.

सरांचं निघालंच आहे तर सांगते. "हमखास भरती"चे बोर्ड लावणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. गोळा मला शिकवला गावातल्या एका रिटायर्ड हवालदार काकांनी, एक रुपया न घेता. गोळा तळहातावर नाही, बोटांच्या मुळाशी धर आणि जोर पायातून काढ, एवढंच ते रोज सांगायचे. स्टॅमिन्याची इंजेक्शनं कुणी देत असेल तर तिथून पळ काढा, तेवढीच रनिंग होईल.

घाबरून जाऊ नका. आई अंबाजोगाईच्या योगेश्वरी देवीला नवस बोलली होती, आणि मी ते मानते. अंधारात, कुत्री मागं लागत असताना डांबरी रस्त्यावर पळायला कुणीतरी पाठीशी आहे असं वाटावं लागतं. पण देवी तहसीलला जात नाही. पुढच्या भरतीला मी फाईलच्या अगदी वर नॉन क्रिमीलेयर लावलं होतं. आज वर्दी अंगावर आहे.

भरतीत एक वर्ष वाया गेलं की घरात लग्नाचा विषय निघणारच. कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, नवरा-बायकोची जोडी लागते, मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीला देतो, आणि दिवाळीआधी स्थळं येतात ती त्याच हिशोबानं. तेव्हा रडत बसू नका, भांडू नका. जाहिरात काढून वडिलांना वयाची अट वाचून दाखवा: खुल्या प्रवर्गाला 28, मागास प्रवर्गाला 33. माझ्या वडिलांनी तो कागद दोनदा वाचून घेतला आणि आलेल्या पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावलं.