डिपोझिशनचं बिल पानांवर चढतं

अमेरिकेत दिवाणी दाव्यात डिपोझिशन, म्हणजे कोर्टाबाहेर शपथेवर साक्ष, घ्यायची असेल तर कोर्ट रिपोर्टरला, म्हणजे साक्ष शब्दशः टिपून घेणाऱ्याला, नुसता तासाचा दर विचारू नका. बिल फुगतं ते पानांवर. हजेरीचे पैसे वेगळे, ट्रान्स्क्रिप्टचे, म्हणजे साक्षीच्या शब्दशः लेखी प्रतीचे, पानामागे वेगळे. पानावर किती ओळी, हेही विचारून ठेवा. साधारण 25 असतात. समास ऐसपैस ठेवले की तीच साक्ष जास्त पानं खाते, आणि भुर्दंड तुम्हाला.

रफ ड्राफ्ट (न तपासलेली कच्ची प्रत), एक्झिबिट (साक्षीत दाखवलेली कागदपत्रं), व्हिडिओ, सगळ्याचे दर लेखी घ्या. ‘उद्याच हवंय’ म्हटलं की दर भलताच चढतो, तेव्हा घाई खरंच आहे का, ते वकिलाला आधी विचारा. फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टांच्या नियमांनुसार साक्ष नोंदवण्याचा खर्च साक्षीची नोटीस काढणाऱ्याचा. दुसऱ्या बाजूला प्रत हवी तर तिने पैसे मोजायचे. साक्ष एका दिवसात 7 तासांपुरती. साक्षीदार मराठीतून बोलणार असेल तर दुभाष्याचा खर्च निराळा, शिवाय प्रत्येक प्रश्न दोनदा होतो.

याच नियमांनुसार साक्षीदाराला ट्रान्स्क्रिप्ट तपासायचं असेल तर साक्ष संपण्याआधीच तसं सांगायला हवं. मग ते तयार झाल्याचं कळल्यापासून 30 दिवस मिळतात.