कठड्यावरचे सात दिवे

आमच्या गच्चीच्या कठड्यावर सात दिवे आहेत आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत ते एकामागून एक चालतात. मंडपवाले ज्याला रनिंग लाइट म्हणतात तेच, फक्त मोबाइलवरून आणि सूर्यास्त बघून आपोआप सुरू होणारं. सातच का, हे सोलापूरकराला सांगायला नको. संक्रांतीला उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, मिरवणुकीने निघतात, तेवढे.

हे जमायला मला तीन प्रयत्न लागले. पहिले दोन फसले ते का, हे आधी सांगते, कारण बहुतेक जण त्या पहिल्या पद्धतीनेच सुरुवात करतात.

घरात होम असिस्टंट आहे, म्हणजे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर; ते रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकावर चालतं. पहिल्या वर्षी सात झिगबी, म्हणजे बिनतारी निरोपावर चालणारे बल्ब लावले आणि स्क्रिप्ट लिहिली: यादीतला एकेक बल्ब घे, पेटव, २०० मिलिसेकंद थांब, विझव, पुढचा घे. टेबलावर दोन बल्बांवर छान चाललं. कठड्यावर सात लावले तर पाचवा आधी, तिसरा नंतर, आणि एक बल्ब विझायचंच विसरला. चूक बल्बची नाही. झिगबीत निरोप एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे उड्या मारत जातो, एखादा वाटेत हरवला की पुन्हा पाठवला जातो. रोज संध्याकाळी एकदा दिवा लावायला हे उत्तम आहे. सेकंदाला दहा निरोप, तेही ठरल्या क्रमाने पोचलेच पाहिजेत, यासाठी ते बनलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी आठ रिलेंचं, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचांचं बोर्ड आणलं. क्रम अचूक आला, पण टिक टिक टिक असा आवाज, शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी विचारायला आल्या की पाल बोलते का तुमच्या गच्चीवर. आवाज एक वेळ सोसला असता. हिशेब केला तेव्हा मात्र घाम फुटला. सात दिव्यांची एक फेरी १.४ सेकंदांची, म्हणजे चार तासांत प्रत्येक रिले दहा हजारांहून जास्त वेळा उघडझाप करणार. साध्या रिलेचं आयुष्य पूर्ण भारावर साधारण एक लाख वेळा धरतात. दहा दिवसांत खेळ खलास. पळत्या दिव्यांना रिले वापरू नका, कुणी कितीही स्वस्तात देऊ दे.

तेव्हा आमचे अप्पा मागाच्या गोष्टी सांगत होते. त्यांनी सगळी हयात जकार्डच्या मागावर चादरी विणल्या. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथे ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. एक पुठ्ठा, एक बाणा, पुढचा पुठ्ठा. सगळी नक्षी त्या माळेत. मालक ऑफिसात बसून दर धाग्याला ‘हा उचल, तो सोड’ असं ओरडत नाही, तो फक्त माग चालू कर म्हणतो. आणि मी नेमकी ऑफिसातून ओरडत होते.

तर तिसरा प्रयत्न असा: पुठ्ठ्यांची माळ दिव्यांजवळच्या छोट्या बोर्डात, आणि घराच्या मेंदूकडे फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’.

सामान. एक ईएसपी ३२ बोर्ड, म्हणजे वायफाय असलेला छोटा कंट्रोलर. सात मॉसफेट (गेट, ड्रेन आणि सोर्स अशा तीन पिनांचा, आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), आयआरएलझेड ४४ एन. त्यातला ‘एल’ नीट बघून घ्या. दुकानदार सर्रास आयआरएफझेड ४४ एन हातात ठेवतो. तो ईएसपीच्या ३.३ व्होल्टला अर्धवटच उघडतो, दिवा मिणमिणतो आणि मॉसफेट तापतो. दिवे म्हणून मी १२ व्होल्टच्या पांढऱ्या एलईडी पट्टीचे अर्ध्या मीटरचे सात तुकडे घेतले. पट्टी मीटरला १४.४ वॉटची, म्हणजे सगळे एकदम पेटले तर ५० वॉट, सव्वाचार अँपिअर. चालताना एका वेळी दोनच पेटतात, पण दिवाळीत सगळे लावायचे असतात, म्हणून २३० चे १२ व्होल्ट करणारा, साडेआठ अँपिअरचा एसएमपीएस. त्याच्या २३० व्होल्टच्या बाजूला मी हात लावत नाही, वायरमनला बोलावते. १२ व्होल्टच्या बाजूला फ्यूज टाका. ईएसपीसाठी १२ चे ५ व्होल्ट करणारा छोटा बक कन्व्हर्टर लागतो, आणि तो बोर्डाला जोडायच्या आधी मीटर लावून ५ वर आणायचा. एक बोर्ड मी असंच जाळलंय.

जोडणी सोपी. प्लसची वायर सगळ्या दिव्यांना एकच, मायनस प्रत्येकाची वेगळी, ती आपापल्या मॉसफेटच्या ड्रेनला. सोर्स ग्राउंडला. ईएसपीचं ग्राउंड आणि एसएमपीएसचं मायनस एकत्र हवंच. गेटला ईएसपीच्या पिनपासून २२० ओहम, आणि गेटपासून ग्राउंडला १० किलोओहम. हा दुसरा रेझिस्टर फालतू वाटतो, पण तो नसला की बोर्ड सुरू होताना सगळे दिवे भुतासारखे लुकलुकतात. पिना मी १८, १९, २१, २२, २३, २५ आणि २६ घेतल्या. ०, २, १२ आणि १५ टाळा, त्या पिना सुरू होतानाच्या कामासाठी आहेत. ६ ते ११ बोर्डाच्या फ्लॅश मेमरीच्या, आणि ३४ ते ३९ मधून करंट बाहेर येतच नाही.

आता प्रोग्राम. मी ईएसपीहोम वापरते, ईएसपीचे प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर; होम असिस्टंटशी त्याचं लगेच जमतं. सात आउटपुट ‘एलईडीसी’ (उजेड कमी-जास्त करता येणाऱ्या) प्रकारचे, त्यांवर सात ‘मोनोक्रोमॅटिक’, म्हणजे एकरंगी लाइट. इथे दोन गोष्टी आठवणीने करा. पहिली, प्रत्येक लाइटचा डिफॉल्ट ट्रान्झिशन, म्हणजे हळूहळू पेटण्या-विझण्याचा वेळ, एक सेकंद असतो. तो तसाच ठेवला तर दिवे पळण्याऐवजी सगळी पट्टी नुसती धुकटते. १०० मिलिसेकंद करा. या एका ओळीपायी माझा आख्खा रविवार गेला. दुसरी, सातही लाइट ‘इंटर्नल’ ठेवा, म्हणजे ते होम असिस्टंटला दिसणारच नाहीत. दिसले तर प्रत्येक उघडझाप त्याच्या डेटाबेसमध्ये नोंदली जाते. दर १५० मिलिसेकंदांना एक बदल धरला तर २.१ सेकंदांच्या फेरीत १४ बदल, चार तासांत लाखाच्या घरात नोंदी, आणि त्या सगळ्या पायच्या बिचाऱ्या मेमरी कार्डावर.

मग पुठ्ठे. सात आकड्यांची एक ओळ म्हणजे एक पुठ्ठा, १ म्हणजे भोक, दिवा पेटलेला:

१००००००
११०००००
०१०००००
०११००००
००१००००

असंच पुढे, शेवटी

०००००११
००००००१
१०००००१

आणि परत पहिला. एकूण १४. मधल्या ओळींत दोन १ आहेत, त्या ओळी सोडू नका. पुढचा दिवा पेटल्यावर मागचा क्षणभर राहिला तरच डोळा फसतो आणि उजेड सरकल्यासारखा दिसतो. मागचा विझून मग पुढचा पेटला तर ते नुसते सात लुकलुकणारे दिवे.

हा तक्ता प्रोग्राममध्ये एका ॲरेत ठेवायचा. सोबत ‘कितवा पुठ्ठा’ हे लक्षात ठेवणारा एक ग्लोबल आकडा. स्क्रिप्टमध्ये एक ‘व्हाइल’: होम असिस्टंटला दिसणारा ‘चालू-बंद’चा स्विच चालू आहे तोवर सध्याची ओळ वाच, १ असेल तो दिवा पेटव, ० असेल तो विझव, ठरलेला वेळ थांब, आकडा एकने वाढव, माळ संपली की शून्यावर आण. स्क्रिप्टचा मोड ‘रीस्टार्ट’ ठेवा, नाहीतर घाईत दोनदा बटण दाबल्यावर दुसरी हाक वाया जाते. स्विच बंद झाला की स्क्रिप्ट थांबवून सातही दिवे विझवायचे, हे वेगळं लिहावं लागतं, नाहीतर जो पेटलेला असेल तो रात्रभर तसाच राहतो. प्रोग्राममधले आयडी मात्र इंग्रजी अक्षरांतच चालतात, ‘मिरवणूक’ देवनागरीत लिहून बघितलं, घेतलं नाही.

थांबायचा वेळ प्रोग्राममध्ये पक्का कोरू नका. एक टेम्प्लेट नंबर, म्हणजे बाहेरून बदलता येणारा आकडा करा, ८० ते ५०० मिलिसेकंद, आणि ‘डिले’ला तो वाचायला सांगा. मोबाइलवर त्याची सरकवायची पट्टी येते. मी १५० वर ठेवून अप्पांना रस्त्यावर उभं केलं.

“काय वाटतंय?”

“काठी पळतीय होय गं? चालवत न्यायची असती ती.”

१८० केलं, मान हलली नाही. २२० ला म्हणाले, “हां, आता चालतीय.” म्हणजे फेरी तीन सेकंदांच्या आसपास. तुम्ही दिवाळीसाठी करत असाल तर १०० सुद्धा चालेल. वेग ठरवायचा तो खाली रस्त्यावर उभं राहून, लॅपटॉपसमोर बसून नाही.

होम असिस्टंटच्या बाजूला आता फार उरत नाही. सूर्यास्तानंतर १५ मिनिटांनी स्विच चालू, साडेदहाला बंद. वेळ घड्याळाने नाही, सूर्यास्ताने बांधा, दिवाळीला आणि संक्रांतीला सूर्य सारख्या वेळी मावळत नाही.

पहिल्याच संध्याकाळी लाइट गेली आणि आली. ईएसपी उठला, मी स्विच लावला, दिवे चालू. पाय मात्र अडकून पडलेला, त्याचं कार्ड रुसलं होतं, म्हणून मी बोर्डाच्याच छोट्या वेबपानावरून काम भागवलं. तर दर पाव तासाने सगळे दिवे बंद! वायर हलवली, एसएमपीएस ठोकला, वायरमनला फोन केला. शेवटी कळलं की ईएसपीहोममध्ये एपीआयला, म्हणजे होम असिस्टंटशी बोलायच्या रस्त्याला, ‘रीबूट टाइमआउट’ असतो, मुळात १५ मिनिटांचा. तेवढ्या वेळात होम असिस्टंट भेटलं नाही तर बोर्ड स्वतःहून पुन्हा सुरू होतं. एपीआय आणि वायफाय दोन्हीकडे तो शून्य सेकंद करून टाका. स्विचलाही आधीची स्थिती लक्षात ठेवायला सांगा. आता पाय बंद असला तरी मिरवणूक अडत नाही.

पिक्सेलवाली पट्टी, म्हणजे जिच्या प्रत्येक एलईडीला स्वतःची चिप असते ती, घेणार असाल तर हा सगळा खटाटोप नको. त्याच बोर्डावर डब्ल्यूएलईडी हे तयार सॉफ्टवेअर टाका, त्यात ‘चेस’ नावाचे इफेक्ट तयारच आहेत. मला कठड्यावर तीन-तीन फुटांवर सुटे दिवे हवे होते, म्हणून हा रस्ता.

डबा मात्र झाकणाला रबर असलेला घ्या आणि वायरी खालून आत घ्या, वरून नाही. मेमध्ये गच्ची तापते तेव्हा मी एसएमपीएस काढून खाली आणून ठेवते.

या वर्षी अप्पांची मागणी आली: काठ्या संमती कट्ट्याजवळ, म्हणजे अक्षता सोहळ्याच्या जागी, पोचल्यावर थांबतात तसे दिवे थांबले पाहिजेत, सगळे एकदम पेटून. सोपं काम. माळेच्या शेवटी १११११११ चे चार पुठ्ठे जोडले, बोर्डावर चढवलं, अप्पांना खाली पाठवलं. दहा मिनिटं वाट बघून ते वर आले, काहीच थांबत नाही म्हणाले. पुठ्ठे १८ झाले होते आणि प्रोग्राममध्ये ‘माळ १४ ला संपते’ असं मी हाताने लिहिलेलं तसंच होतं. आता तो आकडा प्रोग्राम स्वतः तक्ता मोजून घेतो.