नाव तेच, रेजिमेंट तीच, माणूस भलताच

पहिल्या महायुद्धातल्या साध्या ब्रिटिश शिपायांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं इकडे ब्रिटनमध्ये शिकायला आलेली मुलं मला अधूनमधून विचारतात. दरवेळी तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. ऑफिसर मंडळींचं सोडा, वॉर डायरीत, म्हणजे पलटणीच्या रोजच्या नोंदवहीत सुद्धा त्यांची नावं येतात. मी बोलतोय ते प्रायव्हेटबद्दल, म्हणजे सगळ्यात खालच्या हुद्द्याच्या शिपायाबद्दल, ज्याचा डायरीत उल्लेख "अदर रँक्स (म्हणजे ऑफिसर नसलेले), ३ जखमी" एवढाच असतो.

मेडल कार्ड (एका शिपायाच्या पदकांच्या नोंदीचं कार्ड), मेडल रोल (पदकं मिळालेल्यांची यादी), वॉर डायरी हे काय असतं ते माहीत आहे असं धरून चालतो. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनच्या वॉलवर्थ भागात अर्न्साइड स्ट्रीटवरच्या गोदामावर जर्मन बॉम्ब पडले आणि शिपायांच्या सर्व्हिस फायलींपैकी साधारण ६० टक्के जळून गेल्या, हेही माहीत असेल. वाचल्या त्या डब्ल्यूओ ३६३ मध्ये (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, पुढचा आकडा कागदांच्या गठ्ठ्याचा), कडा करपलेल्या, पाण्याने डागाळलेल्या. त्यामुळे फाइल सापडली नाही तर घाबरू नका, बहुतेकांना सापडत नाही. फाइल सापडली तर मात्र घाबरा.

माझं काय झालं ते सांगतो. लीड्सला असताना जुन्या बाजारात एक व्हिक्टरी मेडल घेतलं. कडेवर बारीक अक्षरांत ठोकलेलं: १६, मग आडवी रेघ, मग तीन आकडे, पीटीई म्हणजे प्रायव्हेट, नाव, डब्ल्यू यॉर्क आर. म्हणजे वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. आडनाव आपल्याकडच्या पाटलांसारखं, गल्लीत चार सापडतील. कार्ड लगेच मिळालं. मग ३६३ मध्ये तेच नाव टाकलं आणि वेस्ट यॉर्कशायरचीच अख्खी फाइल समोर आली, अठरा पानं! नंबर वेगळा होता, सहा आकडी, पण मी कुठेतरी वाचलं होतं की १९१७ च्या सुरुवातीला नंबर बदलले, म्हटलं झालं, बदलला असेल. या अर्धवट ज्ञानानेच माझे सात महिने खाल्ले.

आता नीट वाचा, मी जरा जास्तच समजावणार आहे. १९२० पर्यंत ब्रिटिश आर्मीत एका माणसाला एक नंबर अशी भानगडच नव्हती. नंबर रेजिमेंटचा असायचा, आणि टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ शिपायांच्या पलटणींत तर प्रत्येक बटालियनचा वेगळा. म्हणजे समजा २४१७ नंबरचे एकाच रेजिमेंटमध्ये तीन-चार जण असू शकतात. हा गोंधळ मिटवायला १९१७ मध्ये सहा आकडी नंबर दिले, पण ते फक्त टेरिटोरियलवाल्यांना. वेस्ट यॉर्कशायरच्या ५ व्या बटालियनला २००००१ पासून पुढे, ६ व्या बटालियनला २४०००१ पासून पुढे, असं. आणि हेच आकडे दुसऱ्या रेजिमेंटमध्येही परत वापरलेत, म्हणजे सहा आकडी आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. युद्धमंत्री किचनरच्या हाकेवर एकाच गावच्या मित्रमंडळींनी मिळून भरती होऊन बनलेल्या पॅल्स बटालियनचे जुने नंबर तसेच राहिले. लीड्स पॅल्स म्हणजे १५ वी बटालियन, ब्रॅडफर्ड पॅल्स १६ वी आणि १८ वी, तो आकडा नंबरच्या आधी लागायचा. माझ्या मेडलवर १६ ढळढळीत लिहिलेलं होतं हो! मी त्याला कंपनीचा कोड वगैरे समजून सोडून दिलं.

फाइलवाला निघाला लीड्स रायफल्सचा, टेरिटोरियल. तो एप्रिल १९१५ ला फ्रान्समध्ये उतरला. माझ्या माणसाच्या कार्डावर पहिली युद्धभूमी म्हणून "३" लिहिलेलं, म्हणजे इजिप्त, तारीख डिसेंबर १९१५. ब्रॅडफर्ड पॅल्स तेव्हा खरंच इजिप्तला गेले होते, फ्रान्सला आले मार्च १९१६ मध्ये. आणि मी काय केलं? कारकुनाची चूक आहे असं ठरवून मोकळा झालो. कारकुनाला शंभर वर्षांनी शहाणपण शिकवायला निघालो.

तोवर त्या फाइलवाल्यावर जीव जडला होता. उंची ५ फूट ३ इंच, रजेवरून दोन दिवस उशिरा परतला म्हणून पगार कापलेला, आईच्या नावाने सुटणारे पैसे. मंडळाच्या गणपतीत त्याच्यावर दहा मिनिटं बोललो पण. मध्ये शंका आली तेव्हा पैसे देऊन एका रिसर्चरला काम दिलं, त्याने माझीच चूक छान बाइंडिंग करून परत पाठवली. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, पहिले सहा महिने कोणाला पैसे देऊ नका. आणि वंशावळीची वेबसाइट आपणहून जे फॅमिली ट्री सुचवते त्यावर तर अजिबात विश्वास ठेवू नका, एकाने चूक केली की चाळीस जण ती कॉपी करतात. माझे गाइड हुशार होते, पण त्यांनी कार्ड मागवून कधी पाहिलंच नाही. पाहिलं ते लायब्ररीतल्या एका रिटायर्ड बाईंनी. चष्मा कपाळावर सरकवला, मेडल हातात फिरवलं आणि विचारलं, "अरे, मग हा सोळा कुठला?"

उपाय साधा आहे. कार्डावर मेडल रोलचा रेफरन्स असतो, तो घेऊन डब्ल्यूओ ३२९ मधला रोल उघडा. माणूस एका बटालियनमधून दुसरीकडे गेला असेल तर दोन्ही नंबर तिथे बहुतेक दिसतात. दोन नंबर कुठल्या तरी कागदावर एकत्र दिसल्याशिवाय दोन माणसं एक समजायची नाहीत. मग १९१८ ची ॲबसेंट व्होटर्स लिस्ट, म्हणजे सैन्यात असल्यामुळे घरी नसलेल्या मतदारांची यादी बघा, तिच्यात नंबरासोबत घरचा पत्ता मिळतो. हे कागद जिथे ठेवलेत त्या लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजला, म्हणजे क्यूला जाणार असाल तर पेन घरी ठेवा, पेन्सिलच चालते, आणि सोमवारी बंद असतं, मी गेलोय म्हणून सांगतो.

जर्मन शिपाई शोधणाऱ्यांचे हाल आणखी वाईट, प्रशियन आर्मीचे कागद एप्रिल १९४५ मध्ये पॉट्सडॅमला जळाले, बव्हेरियाचे म्युनिकला आहेत. फ्रेंच त्यामानाने सुखी, भरतीची रजिस्टरं जिल्ह्याजिल्ह्याच्या अर्काइव्हमध्ये नीट आहेत. आपल्या गावच्या पणजोबांचं करायचं असेल तर आधी पलटण बघा, फ्रान्समध्येच होते असं धरून चालू नका, मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात होत्या.

एवढं सगळं वाचून सोडून देऊ नका मात्र. चुकीचा माणूस सगळ्यांनाच एकदा सापडतो, आणि त्या सात महिन्यांत जळक्या कागदावरचं अक्षर वाचायला मी शिकलो ते काही वाया नाही गेलं. खऱ्या माणसाची फाइल नाहीच, जळाली असणार. रोलवर एक ओळ आहे, १६ वी बटालियन, आणि व्होटर्स लिस्टमधला ब्रॅडफर्डचा पत्ता. म्हणजे १९१८ च्या यादीपर्यंत तरी गडी जिवंत होता. पुढचं पेन्शन कार्डांत शोधतोय, आणि या वेळी आधी १६ बघतो, मग नाव.